घड्याळजीच्या घरचा वजनकाटा

मित्रांनो, वजनकाट्याला गोष्ट सांगायला कोणी बोलावत नाही. लोक येतात, चपला काढतात, श्वास रोखून माझ्यावर उभे राहतात, खाली वाकून बघतात आणि तोंड वाकडं करून निघून जातात. माझंही काही म्हणणं असेल, हे कुणाच्या गावीही नसतं. म्हणून आज मीच बोलतो. मी आता जुना झालोय. माझ्यावरचं रबर कडेला फाटलंय, काचेला तडा गेलाय, पण आठवण शाबूत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापून माझं अंग बनलं, पोटात स्प्रिंग आणि दातेरी चाक बसलं, आणि काचेखाली लाल सुई आली. शेवटी तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्यावर लोखंडी वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. मग माझ्या पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "हा खरा आहे." बस्स, एवढंच कौतुक. पण मित्रांनो, त्या तीन शब्दांवर मी कितीतरी वर्षं काढली.

दुकानातून मला एका घड्याळजीने घरी आणलं. त्याला वजनाशी काही देणंघेणं नव्हतं. स्वतः काडीपैलवान! पण सुई असलेली कुठलीही वस्तू दिसली की या माणसाचा पाय पुढे निघत नसे. खाली त्याचं दुकान, वर घर. मला झोपायच्या खोलीत कपाटाशेजारी जागा मिळाली. समोरच्या भिंतीवर एक गोल घड्याळ होतं आणि ते दहा मिनिटं पुढे होतं. गावाची घड्याळं बिनचूक लावणारा हा माणूस स्वतःच्या घरचं घड्याळ मुद्दाम चुकीचं ठेवायचा. "थोडं पुढे असलेलं बरं. घाई होते, पण उशीर होत नाही," असं तो म्हणायचा. त्याच्या बायकोलाही ते ठाऊक होतं. तरी रोज सकाळी ती घड्याळाकडे बघून "अगं बाई!" म्हणून धावायचीच.

ती बालवाडीत शिकवायची. मुलं तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताई अंगाने चांगली भरलेली होती. मुलांसोबत जमिनीवर बसायचं, रांगायचं, कडेवर घ्यायचं, हेच तिचं काम आणि हाच तिचा जीव. ही गोष्ट घडली त्या वर्षी तिच्या वर्गात एक पिटुकली मुलगी होती. ती रोज दारात भोकाड पसरायची आणि ताईने उचलून घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. ताई घरी येऊन तिच्या नकला करायची आणि घड्याळजी हसून हसून डोळे पुसायचा.

त्याआधीची वर्षंही सुखाची होती. त्यांच्या लेकीची उंची दारावर आणि वजन माझ्यावर मोजलं जायचं. नोकरीसाठी परगावी जाताना तिची बॅगही माझ्यावरच उभी राहिली होती. लेक गेली, आणि पुढे ताईचे गुडघे बोलू लागले.

जमिनीवर बसली की तिला उठवेना. एके दिवशी ती डॉक्टरांकडून आली आणि पलंगावर बसकण मारून म्हणाली, "वजन कमी करा म्हणतात. रोज चाला, ताटातलं थोडं कमी करा, सावकाश चावून खा, वेळेवर झोपा. आणि किती दिवस? तर वर्षभर तरी! अहो, शाळेच्या मोठ्या बाई म्हणतात, असंच चाललं तर तुम्हाला कचेरीतलं टेबल देऊ. मी काय कागदांना कडेवर घेऊ?"

"होईल गं. सावकाश होईल," घड्याळजी म्हणाला.

आणि खरंच होत होतं, मित्रांनो! ती पहाटे चालायला जायची, रात्री लवकर जेवायची. माझी सुई केसभर सरकायची. कधी आठवडाभर हलायची नाही, मग पुन्हा केसभर. मला ते कळत होतं, कारण माझ्या स्प्रिंगला कळत होतं. पण केसभर फरक माणसाच्या डोळ्याला कुठून दिसणार? ताईचा धीर सुटला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसं झालं. फक्त इथे गुडघा खरोखरच दुखत होता, त्यामुळे तिला हसायचीही सोय नव्हती.

अशात शेजारीण आली. बाई मनाने वाईट नव्हती, पण तिला दर महिन्याला एक नवा चमत्कार सापडायचा. "काही खायचंच नाही," ती म्हणाली. "फक्त रस. काकडी, पालक, गाजर, सफरचंद. शरीर आतून कसं धुऊन निघतं! माझ्या भावजयीचं आठवड्यात उतरलं."

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात मिक्सर घरघरू लागला. रस गाळून पेल्यात, आणि चोथा केराच्या डब्यात. ताई डोळे मिटून घटाघटा प्यायची. आणि काय सांगू, चार दिवसांत माझी सुई टुणकन खाली आली!

"अहो, बघा! बघा तरी!" ती माझ्यावर उभी राहून ओरडली. "उगाच चालत होते इतके दिवस!"

मित्रांनो, माझ्यासारखा लाचार जगात कोणी नसेल. मला एकच गोष्ट बोलता येते, आकडा. अंगातलं पाणी गेलं, चरबी गेली की दंडातली ताकद गेली, हे मला सांगता येत नाही. सुईला सगळं सारखंच. तिचे पाय माझ्यावर थरथरत होते, ते मला जाणवत होतं. पण थरथर दाखवायला माझ्याकडे सुई नव्हती.

रस थांबला आणि ती पहिल्यासारखी जेवू लागली. पहिल्यासारखी कसली, उपाशी माणूस जेवतो तशी! सुई होती तिथे परत गेली. पुन्हा रस, पुन्हा खाली. पुन्हा जेवण, पुन्हा वर, आणि या खेपेला आधीपेक्षा जरा जास्तच. चालणं तर केव्हाच बंद पडलं होतं, कारण नुसत्या रसावर चालायला अंगात त्राण कुठलं? एका सकाळी ती माझ्यावर उभी राहिली, बघितलं, आणि तिथेच रडू लागली. तिची आसवं माझ्या काचेवर पडली. "माझ्यात काही जिद्दच नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचं होतं, माझंच होत नाही."

घड्याळजी दारात उभा होता. हातातला चहा तसाच निवून गेला.

त्याच दुपारी ताई शाळेत असताना तो वर आला. डोळ्याला भिंग लावलेलं, हातात बारीक पेचकस. त्याने मला उलटं केलं, पाठ उघडली आणि माझी सुई मागे सरकवली. रिकाम्या काट्याची सुई शून्याच्या मागे दिसली तर चोरी उघडी पडणार! म्हणून त्याने शून्यापाशी तारेची एक बारीकशी खुंटी बसवली. सुई तिथे अडायची आणि कसं अगदी शून्यावर असल्यासारखी दिसायची. काम सुबकच होतं. इतका चांगला हात आणि इतकं वाईट काम मी पुन्हा पाहिलं नाही.

"माफ कर बाबा," तो मला म्हणाला. "चार दिवस हसू दे तिला. घड्याळ नाही का पुढे ठेवत आपण? तसंच हे."

तसंच नव्हतं हो! मला ओरडायचं होतं. 'हा खरा आहे' म्हणून माझ्या पाठीवर पडलेली थाप आठवत होती, आणि त्याच पाठीचे स्क्रू तो एकेक करून आवळत होता.

सकाळी ताई उभी राहिली आणि मी खोटं बोललो. ती लहान मुलीसारखी हसली. घड्याळजीही हसला. त्याला वाटलं, झालं काम.

"अगं, मग आता पुरे की रस," तो म्हणाला. "नीट जेव आता."

"आता सोडू? वेडे की काय! आत्ता कुठे लागू पडलंय!"

घड्याळजीचा चेहरा पडला. करायला गेला एक आणि झालं भलतंच. त्याने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानंतर रोज सकाळी ते तोंड तसंच उघडायचं आणि मिटायचं. ताईचे गाल बसले, केस गळू लागले, उठताना ती कपाटाचा आधार घेऊ लागली. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात, पण हिच्या हाती ऊस तरी कुठे होता? होती ती माझी खोटी सुई. दोघंही माझ्याकडे बघायची. एकाला ठाऊक होतं, एकीला नव्हतं, आणि मी मधे. हात चोळत बसावं तर मला हातही नाहीत.

मग ती दुपार आली. घड्याळजी ताईला खांद्याचा आधार देत वर घेऊन आला. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. ती पलंगावर आडवी झाली आणि तिला हुंदका फुटला.

"पिटुकलीला उचललं हो मी. रोजच्यासारखंच. आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली. तिला घेऊन पडले मी. तिच्या कपाळाला एवढं टेंगूळ आलंय. उठून बसले, हात पुढे केले, तर ती मागे सरकली. मला बघून मागे सरकली!"

घड्याळजी तिचे पाय चोळत राहिला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आणि शाळेतून मला दवाखान्यात नेलं, तर तिथला काटाच बिघडलेला. आपल्या काट्यापेक्षा कितीतरी जास्त वजन दाखवत होता. मी डॉक्टरांना म्हटलं, आमच्या घरी घड्याळजी आहेत, आमचा काटा कधी चुकायचा नाही."

हे सांगताना ती थोडी हसलीसुद्धा. मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. तो तिच्या पायांकडेच बघत होता. मान वर करत नव्हता.

ती उठली. भिंत धरत स्वयंपाकघरात गेली आणि पिठाची नवी, न फोडलेली पिशवी घेऊन आली. ती तिने माझ्यावर ठेवली.

माझी सुई हलली नाही.

मित्रांनो, एवढी पिठाची पिशवी माझ्या छातीवर, आणि माझी सुई शून्यावर! अशी लाज कुणाच्याही वाट्याला येऊ नये. ताई पिशवीकडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"घड्याळ पुढे आहे हे मला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "हे मला ठाऊक नव्हतं."

"तू रडायचीस गं. मला बघवेना."

"मग रडू द्यायचं होतं. रडून झालं असतं, डोळे पुसले असते, आणि गेले असते चालायला. तुम्ही यायचं होतंत सोबत. एवढंच करायचं होतं."

तो तिथेच जमिनीवर बसला. खिशातून पेचकस काढून त्याने माझी पाठ उघडली, ती खुंटी उपटली आणि सुई पहिल्या जागी आणली. स्क्रू दोनदा हातातून निसटून पलंगाखाली गेला. तिने मदत केली नाही. पलंगाखाली वाकणं तिला जमत नव्हतं, आणि जमलं असतं तरी तिने केली नसती, असं मला वाटतं.

आता मी पुन्हा खरा आहे. पण मला कोणी विचारत नाही. "तो डोळ्यांसमोर नको," ताई म्हणाली, आणि मी कपाटावर गेलो. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. पण माझी तक्रार नाही. शाळेने ताईला कचेरीतलं टेबल दिलं आहे. गुडघे सुधारले, अंगात ताकद आली, तर पुन्हा वर्ग देऊ म्हणतात. पिटुकली आता दुसऱ्याच बाईंच्या कडेवर आत जाते. ते ताई कचेरीच्या खिडकीतून बघते आणि रात्री सांगते. आता त्यात नक्कल नसते.

मिक्सर आता चटणीपुरताच फिरतो. पहाटे दाराशी चपलांचे दोन जोड वाजतात, कारण घड्याळजीही सोबत जातो. दुकान उशिरा उघडतं, गिऱ्हाईक कुरकुरतं. भिंतीवरचं घड्याळ त्याने बरोबर लावलं आहे. ती त्याच्याशी बोलते, पण पूर्वीसारखं सगळं नाही बोलत. ते कधी परत येईल, मला सांगता येत नाही. मला काय सांगता येतं हे तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवतो. माझ्यावर उभे राहा, जरूर राहा. पण माझी सुई चार दिवसांत धावली तर हुरळून जाऊ नका, आणि केसभरच हलली तर रडू नका. तुमच्या घरातलं कुणी माझ्यावर उभं राहून रडलंच, तर माझ्या पाठीला हात लावू नका. त्यांच्या पाठीवर ठेवा. मग पायात चपला घाला आणि त्यांच्यासोबत बाहेर पडा.

रोज संध्याकाळी ताई कपाटासमोर चटई टाकते. जमिनीवर बसते, मुलांत बसायची तशीच, आणि उठायचा प्रयत्न करते. पलंगाची कड धरते, ओठ घट्ट आवळते, पुन्हा खाली बसते. मी वरून बघत असतो. तिचं वजन किती आहे मला माहीत नाही, आणि तिलाही माहीत नाही. परवापर्यंत तिला दोन्ही हात टेकावे लागायचे. आज तिने एकच टेकला.