हॅथरसोलचा लाल ठिपका

निकम सरांना आयुष्यात एक गोष्ट कधीच जमली नाही, ती म्हणजे समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं. गणेश मंडळाचं भाषण असो, कुणाच्या पत्रिकेचा मजकूर असो, सर मान हलवून मोकळे. निस्तरायचं मग चारुलताबाईंनी. "तुमच्या जिभेला 'नाही' उच्चारता येत नाही की काय?" हे त्यांचं वाक्य साताऱ्यातल्या त्या गल्लीला पाठ होतं. लोक हसायचे, सरही हसायचे. पण गेली तीन वर्षं सर त्या वाक्याला हसत नव्हते, आणि का हसत नव्हते हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

भानगड सुरू झाली ती एका आडनावावरून.

सर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या जुन्या शाळेच्या पत्त्यावर इंग्लंडहून एक मेल आला. मुख्याध्यापकांनी वाचला, काही कळेना म्हणून सरांकडे ढकलला. लिहिणाऱ्या बाईंचं नाव विनिफ्रेड हॅथरसोल. वय पंचाहत्तर, लग्न केलेलं नाही, सगळा जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत गेलेला. आणि उरलेला सगळा वेळ गेला होता स्वतःच्या आडनावाचा माग काढण्यात.

हॅथरसोल हे आडनाव इंग्लंडातही कुणाला ठाऊक नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. एका दरीत गवताळ डबक्याकाठी एक शेत होतं, त्यावरून ते पडलं. सरांना गंमत वाटली. म्हणजे आपले तळेकरच की! दीडशे वर्षांपूर्वीच्या जनगणनेत हॅथरसोल एकसष्ट होते, सगळे शेजारशेजारच्या दोन खेड्यांत. मग रेल्वे आली, गिरण्या आल्या, बोटी निघाल्या आणि माणसं पांगली. कुणी कॅनडात, कुणी ऑस्ट्रेलियात, बरेचसे कुठेच नाहीत. आता जगभरात एकोणीस उरले होते, आणि त्यातले सतरा साठीच्या पुढचे.

विनिफ्रेडबाईंनी एक नकाशा केला होता. हॅथरसोल जिथे राहिला तिथे काळा ठिपका, जिथे पुरला तिथे लाल. चाळीस वर्षांत त्यांनी प्रत्येकाचा लाल ठिपका शोधून काढला होता. राहिला होता एकच. एडविन, वय चोवीस. इंग्रजांच्या राज्यात घाटातल्या रस्त्याच्या कामावर देखरेखीला आलेला. साताऱ्याहून त्याचं घरी शेवटचं पत्र गेलं, 'ताप उतरला की निघतो.' त्यानंतर काही नाही. त्याच्या आईनं मरेपर्यंत जेवणाच्या टेबलावरून त्याची बशी उचलू दिली नव्हती. तो तुमच्या गावच्या मातीत आहे का, एवढंच मला सांगाल का, असं बाईंनी विचारलं होतं.

सरांनी मनापासून शोधलं, हे कबूल करायला हवं. गावाच्या टोकाला इंग्रजांचं जुनं कब्रस्तान आहे. रान माजलेलं, भिंत अर्धी ढासळलेली, आत म्हशींसाठी गवत कापायला येणाऱ्या बायकांचाच काय तो राबता. तीन रविवार सर तिथे घासणी, पाण्याची बाटली आणि भिंग घेऊन हिंडले. जेवढे दगड वाचता आले तेवढे वाचले. एडविन नव्हता. सर घरी आले आणि मेल लिहायला बसले, 'कळवण्यास वाईट वाटते की कबर सापडली नाही.'

पाठवणार, तेवढ्यात बाईंचाच मेल आला. हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे, गुरुवारी. डॉक्टर फारसं काही बोलत नाहीत. तुमच्या उत्तराकडे डोळे लागले आहेत.

सरांनी आपलं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग वाक्यातला 'नाही' त्यांनी खोडला, आणि त्या 'नाही'साठी लिहिलेलं 'वाईट वाटते' काढून तिथे 'आनंद होतो' घातलं. आजारी म्हातारीला शेवटचं समाधान, दुसरं काय? त्यांना वाटलं, संपलं.

संपतंय कुठलं! बाई शस्त्रक्रियेतून ठणठणीत उठल्या आणि त्यांनी फोटो मागितला.

तेव्हा सरांनी जे केलं ते आठवलं की आजही त्यांचे कान तापतात. ते सांगलीची गाडी पकडून कुपवाडला गेले. तिथे त्यांच्या भाच्याचं, जयराजचं, छोटं वर्कशॉप आहे. पितळेच्या आणि स्टीलच्या पाट्यांवर अक्षरं कोरून देतो. मामा कधी नाही तो काम घेऊन आला म्हणून जयराजला कोण आनंद. "मामा, पितळ घेऊ, साहेबाला शोभलं पाहिजे," म्हणाला. एडविन हॅथरसोल, वय चोवीस, अशी सुबक पाटी त्यानं करून दिली. वर मामाला चहा पाजला आणि शेजारच्या वर्कशॉपवाल्याला बोलावून सांगितलं, "आमचे मामा इतिहास संशोधक आहेत." सरांनी तो चहा अर्धाच ठेवला.

कब्रस्तानात कोपऱ्यात आंब्याजवळ एक बिननावाचा दगड होता, तो सरांनी हेरून ठेवलेला. दगडाच्या डोक्याशी काजळीचा काळा डाग होता, तेलकट. बाजूला वाळक्या झेंडूच्या दोन पाकळ्या. कुणीतरी इथे दिवा लावतंय, हे सरांच्या लक्षात आलं. आलं, आणि त्यांनी ते लक्षात न आल्यासारखं केलं. फोटोत बरं दिसणार नाही म्हणून काथ्यानं तो डाग घासून काढला, पाकळ्या फुंकून टाकल्या, दगडात भोकं पाडून चार स्क्रूंनी पाटी बसवली. गवत कापणारी एक म्हातारी विळा हातात धरून मागे येऊन उभी राहिली होती.

"कुनाची हो मास्तर ही?"

"एका साहेबाची."

"व्हय?" म्हातारी म्हणाली. आंब्याकडे एकदा बघितलं आणि भारा उचलून निघून गेली.

फोटो गेला. इंग्लंडातून उत्तर आलं ते एका ओळीचं, 'आज मी शेवटचा लाल ठिपका दिला.' सरांनी ते चारुलताबाईंना वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता रडले. तेव्हा कुठे बाईंना सगळा प्रकार कळला. त्या एरवी तोंडाच्या फटकळ, पण त्या दिवशी ओरडल्या नाहीत. "कधी ना कधी ती बाई येणार हो," एवढंच म्हणाल्या. सरांना ते ओरडण्यापेक्षा लागलं.

तीन वर्षांनी, यंदाच्या जानेवारीत, विनिफ्रेडबाई आल्या.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची काटकुळी बाई, हातात काठी, पायात जाड बूट. चारुलताबाईंनी केलेली पुरणपोळी त्यांनी मनापासून खाल्ली, दुसरी मागून घेतली. मग पिशवीतून नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. इंग्लंडावर ठिपक्यांची दाटी, समुद्रापलीकडे तुरळक, आणि हिंदुस्थानात एकच, साताऱ्यावर, टपोरा लाल. नकाशा आता त्यांच्या जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात कायमचा ठेवणार होते. "माझ्यानंतर विचारणारं कोणी नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून सगळं बरोबर असायला हवं." मग त्यांनी एक छोटा पत्र्याचा डबा दाखवला. त्यात एडविनच्या आईच्या कबरीवरची माती होती. ती लेकावर घालायची, त्याच्यासाठीच हा प्रवास.

सर स्वयंपाकघरात गेले. चारुलताबाई भांडी लावत होत्या. "अहो," त्या न वळता म्हणाल्या, "त्या डब्याचं झाकण उघडायच्या आत सांगा. नंतर सांगून उपयोग नाही."

सरांनी मान हलवली. मान हलवणं त्यांना जमायचंच.

सकाळी रिक्षात सर सांगणार होते. फाटकाशी सांगणार होते. आंब्यापर्यंत पोचले तरी जीभ टाळ्याला चिकटलेलीच. आता बोलू या, मग बोलू, असं करता करता विनिफ्रेडबाई त्या दगडाशी पोचल्यासुद्धा. पितळेवरून त्यांनी बोट फिरवलं, अक्षर अन् अक्षर. मग काठी खाली ठेवून, गुडघ्यांशी भांडत भांडत, कशाबशा खाली बसल्या आणि डब्याच्या झाकणाला हात घातला.

"थांबा," सर म्हणाले. आवाज इतका चिरका निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "तो इथे नाही. मला तो सापडलाच नाही. पाटी मी करवून आणली."

बाईंना आधी कळलंच नाही. सरांना ते पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. शस्त्रक्रियेचं सांगितलं, 'नाही' खोडल्याचं सांगितलं, कुपवाडचं सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी झाकण घट्ट दाबून बसवलं आणि डबा पदराआड धरावा तसा कोटाच्या आत धरला.

"तुम्हाला वाटलं, मला दिलासा हवा आहे," त्या म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं खरं काय ते विचारत होते. तुम्ही 'नाही' म्हणाला असता, तर मी अजून शोधत असते. माझी तीन वर्षं होती, मिस्टर निकम. माझ्या वयाला तीन वर्षं म्हणजे पुष्कळ असतात."

त्या रडल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर सरांना सोसलं असतं. त्या नुसत्या हिशेब चुकलेल्या मुलाकडे शाळेतल्या बाईंनी पाहावं तशा पाहत होत्या.

"मग ही कुणाची कबर आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणाची ते माहीत नाही," सर म्हणाले. म्हणतानाच त्यांना काजळीचा तो डाग आठवला.

एवढ्यात मागून आवाज आला. "मास्तर, काय झालं? मडम का बसल्यात खाली?" तीच म्हातारी. राहीबाई. विळा, गवताचा भारा, सगळं तेच.

सरांना वाटलं, एकदा खरं बोललोच आहोत तर इथेही बोलून टाकू. "राहीबाई, ही साहेबाची कबर नाही. मी उगाच पाटी लावली. माझी चूक झाली."

राहीबाईनं भारा खाली टाकला. पाटीकडे बघितलं, आंब्याकडे बघितलं. मग बोट करून मोजलं, "आंब्याच्या खोडापासनं येक, दोन, तीन." आणि मटकन दगडाशेजारी बसली.

"म्हंजी ही आमच्या आज्जीचीच की हो!"

"कुठली आजी?"

"माज्या आज्जीची आय. हितल्या येका मडमेची लेकरं सांभाळायची. पटकीच्या साथीत गेली बगा. मानसं गाव सोडून पळाल्याली, खांदा द्याला कोन न्हाई. तवा मडमेनं हितं पुरलं. आज्जीनं आयला दावलं, आयनं मला दावलं. तिसरा दगुड. दर अवसंला म्या पनती लावायची." ती बोलता बोलता थांबली. "तुमी पाटी ठोकली, तवा म्हनलं, आयचंच मोजाय चुकलं आसंल. मास्तर शिकल्यालं, कागुद बगूनच लावली आसंल. मग आमची कंची? ह्या दगडाम्होरं हुबी ऱ्हायची, त्या दगडाम्होरं हुबी ऱ्हायची. परक्याला कसा दिवा दावायचा? शेवटी सोडून दिलं."

"कधी सोडलंत?"

"तवाच की. तीन वरसं झाली. अंधारात ठिवलं म्हातारीला."

विनिफ्रेडबाईंनी विचारलं, ही काय म्हणते? आणि सरांना ते इंग्रजीत सांगावं लागलं, सगळं, स्वतःच्या तोंडानं. एक शब्द गाळायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि नाहीच गाळला. तो डाग आपणच घासून काढला, हेसुद्धा त्यांनी सांगितलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

विनिफ्रेडबाईंनी पिशवीतून नकाशा काढला. दगडावर नाही, स्वतःच्या मांडीवर पसरला. साताऱ्यावरच्या लाल ठिपक्यावर त्यांनी पेननं फुली मारली, शेजारी तारीख घातली आणि सही केली. डबा परत पिशवीत गेला. सर हात द्यायला पुढे झाले; पण बाईंनी राहीबाईकडे हात केला, आणि तिच्या आधारानं उठल्या. फाटकाकडे जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सरांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. सकाळी निघताना तो चारुलताबाईंनी न बोलता त्यांच्या हातात ठेवला होता. तीन स्क्रू निघाले. चौथा गंजला होता, त्याच्याशी झटापट चालली असताना राहीबाई परत येऊन शेजारी बसली. पदरानं दगड पुसू लागली.

"पाटी कशापायी फुकट घालवताय?" ती म्हणाली. "मागल्या अंगानं आमच्या आज्जीचं नाव घाला की."

सरांच्या छातीवरचं ओझं जरा हललं. निदान एवढं तरी करता येईल. उद्याच्या उद्या कुपवाडला जाऊ. "घालतो," ते म्हणाले. "जरूर घालतो. काय नाव होतं त्यांचं?"

राहीबाई आठवू लागली. ओठ हलले, बोटं हलली. "आय तर नुसतं म्हातारी म्हनायची. आज्जी आय म्हनायची. नाव कुनी सांगितलंच न्हाई." मग तिनं सरांकडे बघितलं. बघण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं. होता तो फक्त शिकलेल्या माणसावरचा भरवसा.

"तुमीच घाला की येकादं मास्तर," ती म्हणाली. "सायबाचं घातलं, तसं."