माझी रिकामी डावी सीट

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतःसाठी वापरला तर चालतो, तुम्ही वापरलात तर मला राग येईल. दोन दारं, दोन सीटा, डोक्यावर कापडाचं छप्पर आणि पुढे लांबलचक बॉनेट, असं माझं रूप आहे. मागे बसायला जागाच नाही. माझ्यात एका वेळी दोनच माणसं मावतात, आणि माझी सगळी गोष्ट या दोन जागांचीच आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तो कारखाना केव्हाच बंद पडला. तिथल्या कारागिरांनी माझा पत्रा हातोडीने ठोकून, गोंजारून वळवला होता. मग मला लाकडी खोक्यात घालून जहाजाने मद्रासला पाठवलं. चिक्कमगळूरच्या एका कॉफीमळ्याच्या मालकांनी मला हौसेने मागवलं होतं. घाटातली वळणं घेताना ते शीळ घालायचे आणि मी त्यांना साथ द्यायचे. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. माझ्यात बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसण्यासारखंच. शेवटी एक दिवस त्यांनी मला बेंगळुरूच्या दयानंदच्या हवाली केलं.

दयानंद मूळचा निपाणीकडचा, बेंगळुरूत यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला. जयनगरात घर, नवं लग्न आणि दारात मी. स्वारी अगदी खुशीत होती. त्याची बायको रंजिताही तिकडचीच. तिच्या वडिलांची जीप होती आणि लग्नाआधी ती जीप रंजिता तंबाखूच्या शेतांमधून बिनधास्त पळवायची. हे दयानंदला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं.

लग्नानंतर दोघं माझ्यातून नंदी हिल्स बघायला निघाली. छप्पर उघडं, रंजिताच्या केसांत अबोली, आणि मी तर हवेतच होते! तेव्हा हेब्बाळला ना उड्डाणपूल होता, ना काचेची ऑफिसं. तलाव होता, झाडं होती आणि कडेला पेरू विकणाऱ्या बायका होत्या. नेमकं तिथेच मी बंद पडले. बॅटरीने मान टाकली होती.

"तू स्टिअरिंगवर बस, मी ढकलतो," दयानंद म्हणाला.

रंजिता उजवीकडे सरकली. दयानंदने घाम गाळत मला ढकललं, तिने दुसऱ्या गिअरमध्ये झटकन क्लच सोडला, आणि मी घरघर करत जिवंत झाले! आता लगेच थांबलं तर मी पुन्हा बंद पडणार, हे तिला कळत होतं. म्हणून ती थांबलीच नाही. तलावाच्या कडेकडेने तिने मला पळवत नेलं, लांब जाऊन वळवलं आणि परत आणलं. सगळी वाटभर ती हसत होती. मित्रांनो, मी तोवर खूप फिरले होते, पण माझ्याबरोबर इतकं मनापासून कुणी हसलं नव्हतं.

दयानंद रस्त्याच्या मधोमध उभा होता, चेहरा पांढराफटक. "खेळणं वाटलं काय तुला? उतर आधी खाली!" तो चार लोकांत ओरडला. पेरूवाल्या बायका टकामका बघू लागल्या. रंजिता उतरली. तिने पदर सारखा केला, "मी बसने जाते," एवढंच म्हणाली आणि खरंच बसने घरी गेली. त्या दिवसापासून तिने माझ्यात पाऊल ठेवलं नाही.

दयानंद मात्र पाहुण्यांना ही गोष्ट वेगळीच सांगायचा. "गाडी हेब्बाळला बंद पडली, आणि आमच्या हिने गाडीशी अबोला धरला." घ्या! म्हणजे सगळा दोष माझ्या माथी. माणसांची आठवण फार सोयीची असते. मला वाचा असती तर मी त्या पाहुण्यांना चांगलं खडसावून सांगितलं असतं.

पुढे काही वर्षं दयानंद मला एकटाच फिरवत राहिला. मग सिद्धीचा जन्म झाला. तीन माणसं दोन सीटांत कशी मावणार? त्यात माझे पार्ट मिळेनासे झाले. मी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली गेले ती गेलेच. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. एका मांजरीने माझ्या सीटवर पिल्लं घातली. शेजारच्या झाडाचा नारळ पडून बॉनेटला खड्डा पडला. येणारे-जाणारे 'खटारा' म्हणायचे तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण मनाला लागायचंच.

रंजिताने स्वतःसाठी स्कूटर घेतली. ती रोज माझ्या शेजारून बाहेर काढायची, भाजी आणायला, बँकेत जायला. वाऱ्याने माझ्या ताडपत्रीची कड उडालेली दिसली की स्कूटर थांबवून ती कड नीट खोचायची.  माझ्यावर तिचा राग नव्हता, हे तेवढ्यावरूनच मला कळत होतं.

मग दयानंद निवृत्त झाला. सिद्धी बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात कामाला लागली होती. एका रविवारी बापलेकींनी मिळून माझी ताडपत्री ओढली. उजेड डोळ्यांत गेला तशी मी दिपूनच गेले.

"हिला उभी करायची," दयानंद म्हणाला. "आणि तुझ्या आईला हिच्यात बसवून नंदीला न्यायचं. ते राहिलंय आमचं."

मदतीला त्याचा कारखान्यातला जुना दोस्त मल्लाप्पा आला. त्याने खाली वाकून माझं पोट तपासलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो, दयाअण्णा! खालचा पत्रा म्हणजे पापड झालाय की. आत पाय ठेवलास तर थेट रस्त्यावरच!"

"होईल ना पण?"

"स्वल्प वेळ लागेल. पण उठवू हिला."

आणि मग काय सांगू मित्रांनो, माझ्या पोर्चमध्ये जत्राच भरली! माझं इंजिन साखळीने वर उचललं, सुटं केलं, रॉकेलने धुतलं. जुन्या वर्तमानपत्रांवर माझे नट-बोल्ट असे मांडले होते की फराळाचं ताटच. दयानंद आणि मल्लाप्पा जे. सी. रोडवर जाऊन स्पेअर पार्टांची दुकानं पालथी घालायचे, आणि तिथेही मिळालं नाही ते स्वतःच लेथवर बनवायचे. सिद्धी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बसून कानाला हेडफोन लावून माझ्या चाकांचा गंज घासायची. तिकडे कुणी काही विचारलं की दचकून "येस, येस, ॲग्री!" म्हणायची.

रंगावरून भांडण झालं. सिद्धी म्हणाली, "बाबा, मॅट ब्लॅक करूया, एकदम किलर दिसेल." म्हणजे तव्याच्या बुडाचा रंग, तोही मला! दयानंदने दाद दिली नाही. त्याने रंजिताची गर्द हिरवी इरकल साडी गुपचूप कपाटातून काढली आणि रंगवाल्याला तोच रंग मिसळायला लावला. साडीवर ऑइलचा डाग पडला, त्यावरून घरात काय झालं ते मी सांगत नाही.

सिद्धीची हौस स्प्रिंगांवर भागवली. मी ऐटदार, बसकी दिसावी म्हणून तिने आखूड स्प्रिंगा मागवल्या. पहिल्यांदा मला फाटकाबाहेर काढलं, आणि समोरच्या हंपवर, म्हणजे स्पीडब्रेकरवर, माझं पोट अडकलं. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मी मध्ये डुलतेय! तेवढ्यात समोरून रंजिता स्कूटरवर आली, पुढ्यात भाजीच्या पिशव्या.

"पोट घासणार हे मला कधीपासून दिसत होतं," ती म्हणाली.

"मग सांगायचं की!" दयानंद वैतागला.

"मला कोण विचारलं?" असं म्हणून ती बाजूने स्कूटर काढून आत गेली.

चौघा वाटसरूंनी मला उचलून सोडवलं आणि आखूड स्प्रिंगा निघाल्या. पण रंजिता काय बोलून गेली, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माझं होतं. आपलं कुणी ऐकत नसलं की आपण फार नीट ऐकतो.

त्यानंतर दयानंद माझ्या डाव्या सीटच्या मागे लागला. रंजिताला खाली वाकावं लागू नये म्हणून ती सीट उंच केली. जाड मऊ गादी घातली, कंबरेला लोड शिवून घेतला. धरायला पितळी कडी बसवली, तोंडासमोर छोटा पंखा, आणि फिल्टर कॉफीचा पेला हिंदकळू नये म्हणून खास एक कडं. उजव्या सीटला नवं कापड घातलं, बस्स. प्रत्येक नवी सोय झाली की तो रंजिताला बोलावून दाखवायचा. ती कॉफीचे पेले घेऊन यायची, वाकून बघायची, "छान झालंय," म्हणायची आणि आत निघून जायची. दयानंदचा चेहरा उतरायचा. पुढच्या रविवारी गादी आणखी जाड व्हायची.

अरे बाबा, दुसऱ्या बाजूलाही दार आहे! मी किती ओरडले असेन. पण माझं ओरडणं म्हणजे हॉर्न, आणि तो दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

अशात खंडेनवमी आली. इथे तिला आयुध पूजा म्हणतात आणि त्या दिवशी बेंगळुरूतलं एकूण एक वाहन नटतं. मला अंघोळ घातली, पुढे केळीचे खुंट बांधले, शेवंतीचे हार घातले. रंजिताने हळद-कुंकू लावून माझी पूजा केली. मल्लाप्पाने कोहळा ओवाळून फाटकाशी फोडला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आता गाडी पुढे घेऊन ती चिरडायची, की पूजा पुरी.

शेजारपाजारचे जमले होते. दयानंदने नवा सदरा घातला होता. त्याने डावं दार उघडलं, गादीवरची नसलेली धूळ झटकली आणि म्हणाला, "चला राणीसरकार. नंदी हिल्स!"

"तुम्ही जाऊन या," रंजिता म्हणाली.

 दयानंदचा हात दारावरच राहिला. "मग हे सगळं केलं कुणासाठी?" त्याने विचारलं. "मल्लाप्पा, तो तुझा गाड्या जमवणारा ओळखीचा माणूस मागतोय ना हिला? देऊन टाक. उद्या दसरा, उद्याच ने म्हणावं."

माझ्या टाकीतलं पेट्रोल थिजलं. जी गाडी बोलू शकत नाही तिने अशा वेळी काय करावं?

सिद्धी आईजवळ गेली. तिने आईचा हात धरला. "आई, आम्ही इतके दिवस सगळं आमच्याच मनाने करतोय. तुला काय हवंय?"

रंजिताने तिच्याकडे पाहिलं. मग हाताचं कुंकू पदराला पुसलं, माझ्या लांबलचक बॉनेटला वळसा घातला, आणि उजव्या दाराशी येऊन उभी राहिली.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

दयानंदने खिशातली किल्ली चाचपली. मग हळूहळू त्याचा चेहरा पालटला. इतक्या वर्षांनी त्याची आठवण आडवळणावरून मूळ रस्त्याला लागत होती.

"हेब्बाळ," तो पुटपुटला.

"हं. हेब्बाळ."

"मी घाबरलो होतो गं. तुला काही झालं असतं तर..."

मित्रांनो, खरं सांगायचं तर थोडा तो माझ्या पत्र्यासाठीही घाबरला होता. पण असो, आज सणाचा दिवस.

"घाबरलात तर घाबरलात. चार लोकांत ओरडायचं कशाला?" रंजिता म्हणाली. "मला येत होतं की चालवायला. किती छान चालवत होते मी!"

दयानंदने आजूबाजूला पाहिलं. आज तिथे चारहून जास्तच लोक होते. त्याने खिशातून किल्ली काढली, तिच्या हातावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चुकलं माझं."

रंजिता आत बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा आपल्यासाठी वळवला, क्लच दाबून बघितला. तोच पाय, तोच हलका दाब! मी एका झटक्यात चालू झाले. चारही लिंबं फटाफट चिरडली, शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि समोरचा हंप तिने मला जरा तिरकी घेऊन असा ओलांडला की पोटाला धक्का म्हणून लागला नाही.

"अगं, मला तरी घे!" मागून दयानंद पळत आला. ती थांबली, पण इंजिन बंद केलं नाही. तो डाव्या सीटवर चढला. त्या उंच गादीवर त्याचं डोकं छपराच्या उंचीच्याही वर निघालं. सिद्धी पोट धरधरून हसत होती. छप्पर उघडं ठेवण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून तसेच निघालो.

सुट्टीमुळे रस्ते मोकळे होते. हेब्बाळला उड्डाणपुलावरून तलाव दिसला तेव्हा रंजिता हसायला लागली. तेच हसणं! दयानंद पितळी कडी घट्ट धरून बसला होता.  थोड्या वेळाने तोही हसायला लागला. नंदीचा घाट मी असा चढले की माझं वय माझ्याच लक्षात राहिलं नाही.

आता मी कुठेही जाणार नाही. दर रविवारी आम्ही बाहेर पडतो. ती मऊ गादी, तो लोड, तो पंखा, कॉफीचं कडं, सगळं दयानंद वापरतो. कंबर त्याचीच दुखते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू अडगळीत पडली असेल. तिच्यावरची धूळ पुसा, तिला तेलपाणी करा, तिला टाकून देऊ नका. आणि घरातल्या माणसासाठी काही करायला निघालात तर आधी त्याला विचारा, तुला काय हवंय. मला विचारून उपयोग नव्हता, मला बोलता येत नाही. माणसांना येतं.

बरं, आता पुरे. रंजिता बाहेर आली आहे, किल्ली तिच्या बोटात फिरते आहे, आणि दयानंद घरातून ओरडतो आहे, "अगं थांब, एकच चप्पल सापडलीय!"