इझेल्ताच्या कबरीतला हात

माझी थोरली बहीण इझेल्ता एकोणीस वर्षांची असताना तिला मारलं. सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायला तिने नकार दिला होता. तिच्यासकट दोन बायका आणि पाच पुरुष मारून शिपायांनी दगडखाणीत फेकले. चार दिवसांनी आमच्या ख्रिस्ती लोकांनी प्रेतं चोरून काढली. चेहरे राहिले नव्हते; लुगड्याच्या तुकड्यावरून इझेल्ता ओळखली म्हणाले. आईला बघू दिलं नाही.

पुढे छळ थांबला, कबरीवर रीघ लागली. लोक तापाने फणफणलेली पोरं तिथे निजवायचे. आई दर वर्षी तिच्या मृत्युदिनी लापशी आणि द्राक्षारस घेऊन जायची. ती गेल्याच्या पंधराव्या वर्षी आम्ही दोघी गेलो, तर कबरीची शिळा सरकवलेली. आमच्या चर्चचा नवा सेवक, डीकन क्रेस्केन्स, आत वाकला होता.

"मावशी, कार्थेजच्या बिशपांना तिचा उजवा हात पवित्र अवशेष म्हणून हवाय," तो आईला म्हणाला. "गावाचा केवढा मान."

"मला न विचारता?"

"ती आता सगळ्यांचीच आहे ना."

आई काठावर बसली, हाडांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बोटं मोज."

"पाच."

"दुसऱ्या हाताची?"

"तीही पाच."

"इझेल्ताच्या डाव्या हाताचं तर्जनीचं बोट सातव्या वर्षी तेलाच्या घाण्यात गेलं. मुळापासून."

तिच्या त्याच हाताला धरून मी चालायला शिकले होते.

"देवाने परत दिलं असेल," क्रेस्केन्स कसाबसा म्हणाला.

"जिवंतपणी दिलं असतं मग. ही दुसरी कोण?"

"त्या दोघींतली दुसरी भटारखान्यातली दासी होती, म्हातारे सांगतात. नाव कुणी विचारलं नव्हतं." त्याचा आवाज खोल गेला. "म्हणजे दासी समजून जिला पुरलं, ती इझेल्ता. तिच्यावर दगडही ठेवला नाही. वेशीबाहेर... यात्रेकरूंची वाट झालीय तिथे."

त्याच वाटेने आम्ही आलो होतो. दर वर्षी त्याच वाटेने.

मग आईने लापशी हाडांशेजारी ठेवली. "हिचीही आई असेल कुठेतरी. हात तोडू नकोस," ती म्हणाली. क्रेस्केन्सने शिळा लावली. कार्थेजला हात गेला नाही.

बाहेर एका बाईने आईचे पाय धरले. "इझेल्ताच्या आई, पोराला आशीर्वाद द्या."

आईने पोराच्या कपाळावर हात ठेवला. मग वाट सोडून काट्यांतून घराकडे निघाली. मीही तिच्या मागे गेले.