दक्षिण गोलासमोरचं गवत

आखाती फुटबॉल चषकाच्या उद्घाटनाला सहा आठवडे उरले होते आणि आमच्या स्टेडियमच्या दक्षिण गोलासमोरचं गवत मरायला लागलं होतं. मी तिथला गवत कापणारा. रोज यंत्रावर बसून त्याच हिरव्या पट्ट्यांवरून खालवर जाणारा माणूस, म्हणून आधी मलाच दिसलं. टोकं पिवळी पडली, मग तपकिरी झाली, आणि आठवड्याभरात सतरंजीएवढा तुकडा काथ्यासारखा झाला.

तुम्हाला सांगतो, ही साधी गोष्ट नव्हती. युद्धांमुळे कित्येक वर्षं कुणी आमच्या इराकमध्ये, या बसऱ्यात खेळायला यायला तयार नव्हतं. आता कुवेत, ओमान, सौदी, बहरीन, येमेन, सगळे शेजारी आमच्या दारात येणार होते. हॉटेलं केव्हाच भरली होती. लोकांनी आपापल्या घरातल्या बैठका रंगवून ठेवल्या होत्या, पाहुण्यांसाठी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. आणि इथे गोलासमोर टक्कल पडलेलं.

स्टेडियम समितीचे प्रमुख गालिबसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण फोन वाजला की घाबरायचा. त्यांनी आधी बुरशीचं औषध मारलं, मग किडीचं. तुकडा वाढतच गेला. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून खजुराच्या संशोधन केंद्रातून विदादबाईंना बोलावलं.

बाई छप्पन्न वर्षांच्या. अंगावर काळा अबाया आणि त्याखाली गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आल्या आल्या कुणाला सलाम नाही की काही नाही, त्या सरळ त्या तुकड्यापाशी जाऊन बसल्या. सुरीने मातीचा एक तुकडा कापला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकल्या.

"मीठ."

"ते यंत्राने मोजतात ना, बाई?" मी विचारलं.

"यंत्र गाडीत आहे. तेही हेच सांगेल, फक्त आकड्यात सांगेल. तुझं नाव?"

"लोक अबू रुकय्या म्हणतात."

"अबू रुकय्या, पाणी सोडायची वेळ कुठली?"

"पहाटे. सगळ्यात शेवटी हीच बाजू भिजते."

त्यांनी मान डोलावली. पुढचे दोन दिवस त्या नळांच्या मागे लागल्या. झाकणं उघडायची, वाकून बघायचं, पुढचं झाकण. मी पाना घेऊन मागे. तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी सापडल्या. शुद्ध केलेल्या पाण्याची टाकी बाकीचं मैदान भिजेपर्यंत तळाला जायची, आणि नदीच्या कच्च्या पाण्याचा एक जुना व्हॉल्व्ह गंजून अर्धा उघडाच राहिला होता, त्यातून खारं पाणी आत शिरायचं. म्हणजे शेवटी भिजणाऱ्या बाजूला आम्ही रोज इमानेइतबारे मीठ पाजत होतो. दुसरी गोष्ट, त्या बाजूचा निचऱ्याचा पाइप चिखलाने आणि मुळांनी गच्च भरला होता. मीठ आत येत होतं, बाहेर जायला वाट नव्हती.

"तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?" मी विचारलं.

बाई पाइपातला चिखल हाताने उपसत होत्या. "माझं माहेर अबू अल-खसीब गावचं. बाबांची तीनशे खजुराची झाडं होती. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी नदीत वर चढायला लागलं आणि सात वर्षांत अकरा उरली. एकेक झाड कसं जातं ते मी बघितलंय. मीठ मला सासरच्या माणसांसारखं ओळखीचं आहे. कुठून येतं, कधी येतं, किती दिवस मुक्काम ठोकतं, सगळं पाठ आहे."

एवढं बोलून त्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

दुपारी गालिबसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. हातातली जपमाळ भराभर फिरवत साहेब म्हणाले, "मी ठरवलंय. हिरवा रंग मारू. टीव्हीवर काही कळणार नाही."

"टीव्हीवर नाही कळणार," बाई म्हणाल्या. "गोलकीपर उडी मारून त्यावर पडेल तेव्हा त्याच्या कोपराला कळेल."

"मग बाहेरून तयार गवताच्या गुंडाळ्या मागवू."

"त्या सीमेवर चार दिवस उन्हात उभ्या राहतील. आल्या तरी खाली तेच मीठ. मला अठरा दिवस आहेत. मैदान तयार असेल."

"आणि नाही झालं तर?"

"होईल."

"पण समजा, विदादबाई, समजा..."

"गालिबसाहेब, माझी कामं 'समजा'पासून सुरू होत नाहीत. मला मीठ धुऊन काढायला जिप्सम हवंय, हिवाळी गवताचं बी हवंय, गोड पाणी हवंय आणि हा अबू रुकय्या हवाय. बाकी तुम्ही फोन घ्या. वाजतोय."

गोड पाणी हा मोठा घोळ होता. घरी हे सांगितलं तर माझी बायको नजात भडकलीच.

"वा रे वा! आम्ही हंडे घेऊन टँकरची वाट बघायची आणि तुमच्या गवताला गोड पाणी? उद्या त्याला चहा पण पाजा, वेलची घालून!"

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. "बरोबर बोलतेय तुझी बायको," त्या म्हणाल्या. "शहरातल्या पिण्याच्या टँकरला हात लावायचा नाही. वर कुर्न्याला, दोन नद्या मिळतात तिथे हिवाळ्यात पाणी चांगलं असतं. बांधकामाचे टँकर कुणाकडे आहेत?"

ते होते हाजी मिझहिरकडे. अगडबंब माणूस, आवाज भोंग्यासारखा. बाईंनी त्याला मैदानावर आणून तो करपलेला तुकडा दाखवला. हाजीने बुटाच्या टोकाने ते गवत उकरलं.

"पहिल्याच सामन्याला ओमानचे लोक हे बघणार?"

"आज आहे असंच राहिलं तर बघणार."

"ओमानच्या लोकांनी मेलेलं गवत बघायचं? माझ्या शहरात?" हाजीने खिशातून फोन काढला आणि तिथूनच ओरडायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत अकरा टँकर कुर्न्याच्या रस्त्याला लागले होते.

पुढे काम सुरू झालं. आधी व्हॉल्व्ह कायमचा बंद केला, पाइप मोकळा केला. मेलेलं गवत खरवडून काढलं, लोखंडी दातांच्या काट्याने जमिनीला बोटबोट अंतरावर भोकं पाडली, जिप्सम पसरलं आणि वरून कुर्न्याचं पाणी सोडलं. भरायचं, झिरपू द्यायचं, पुन्हा भरायचं. असं तीन वेळा. दर वेळी बाई निचऱ्याच्या तोंडाशी बसून बाहेर पडणारं पाणी चाखायच्या. पहिल्यांदा चेहरा वाकडा झाला. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा त्यांनी ओंजळ माझ्यापुढे धरली.

"घे."

मी चाखलं. मचूळ होतं, पण खारट नव्हतं.

बी त्यांनी आधीच ओल्या गोणपाटात बांधून ठेवलं होतं. दोन दिवसांत पांढरे मोड आले. मटकीला येतात तसे. ते वाळूत कालवून आम्ही हाताने पसरलं, वर प्लास्टिकचा कागद अंथरला. पाचव्या दिवशी कागद उचलला आणि मी "या अल्लाह" म्हणून तिथेच बसलो. सगळीकडे बारीक हिरवी लव होती, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावर असते तशी.

"आता यावर पाय पडता कामा नये," बाई म्हणाल्या. "मांजराचा पण नाही."

पाय पडायला आला तो मांजराचा नव्हता. उद्घाटनाला चार दिवस असताना दुपारी आमच्याच राष्ट्रीय संघाची बस आत शिरली. मागे दोन टीव्हीवाले आणि पुढे गालिबसाहेब, सूट घालून.

"बाई, फक्त तासभर सराव," साहेब म्हणाले. "मी वर शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय, गवताने नाही दिलेला."

"अहो, हा आपला संघ आहे! आपला!"

"म्हणून तर जास्त काळजी. शत्रूचा असता तर एखादे वेळी सोडलं असतं."

खेळाडू हसायला लागले. साहेब लाल झाले. मग संघाचा कर्णधार पुढे आला. सरमद त्याचं नाव, उंचापुरा बचावपटू, शेजारच्या मिसान प्रांतातला. कपाळावर आठी होती.

"खाला, आमच्याच मैदानावर आम्हालाच बंदी? उद्या घरी गेलो तर आईसुद्धा म्हणेल, आत येऊ नकोस, फरशी ओली आहे."

"ओली असेल तर म्हणायलाच हवं तिने," बाई म्हणाल्या. "तू बूट काढ."

"काय?"

"बूट काढ आणि एकटा ये."

टीव्हीवाले सरसावले तसं त्यांनी नुसतं बोट वर केलं. ते जागेवर थांबले. सरमदने बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी त्यांच्या मागून आला. तुकड्याच्या कडेशी दोघं उकिडवे बसले. मी पाण्याची नळी धरून शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं.

बाईंनी कडेचं एक रोप अलगद उपटून त्याच्या तळहातावर ठेवलं. "मूळ बघ. किती आहे?"

"नखाएवढं."

"आज यावर बूट फिरवलास तर सगळं सालीसारखं सोलून निघेल. चार दिवसांत याचं मूळ अर्ध्या बोटापर्यंत जाईल, खाली जुन्या गवताच्या मुळांना धरेल. तेव्हा हवं तर लोळ याच्यावर. तू कुठला खेळाडू?"

"मधला बचाव."

"म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये इथेच उभा राहशील. इथे पाय सरकला की काय होतं, माहीत आहे?"

सरमदने पँट वर केली. गुडघ्यावर लांबलचक टाक्यांची खूण होती. "असल्याच एका मैदानावर. नऊ महिने घरी होतो."

बाईंनी त्या खुणेकडे बघितलं. सरमदने ते रोप बोटाने जमिनीत पुन्हा खोचायचा प्रयत्न केला. मला तो मुलगा तेव्हापासून आवडला. उठून तो आपल्या लोकांकडे गेला आणि मोठ्याने म्हणाला, "चला, बसमध्ये! समोर शाळेचं मैदान आहे. धुळीत खेळूनच मोठे झालो, एक दिवस अजून खेळू."

गालिबसाहेब मागे राहिले. "विदादबाई, स्पर्धा संपली की तुमचं काय करायचं ते बघतो."

"बघा ना. पण आधी स्पर्धा संपू द्या."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे तीन ओमानी उतरले. डोक्यावर नक्षीच्या टोप्या, बोलायला गोड. नजातने मासा भाजला, वर लोणचं आणि भाताचा डोंगर. त्यांच्यातला थोरला, मस्कतचा निवृत्त मास्तर, म्हणाला, "वहिनी, एवढं खायला घालता, म्हणजे उद्या आम्हाला पळता येऊ नये असा बेत दिसतोय."

"तुम्ही कुठे पळणार आहात, भाऊ? तुम्ही बसून ओरडणार. पोट भरलं असलं की ओरडायला जोर येतो."

सामन्याला स्टेडियम तुडुंब भरलं. मी आणि बाई मैदानाच्या कडेला काटे घेऊन उभे. मध्यंतरात उखडलेल्या जागा दाबायला आम्ही आत गेलो. अबाया, रबरी बूट, खांद्यावर काटा, अशी ती बाई मैदानात चालायला लागली तर आधी लोक माना वळवून बघायला लागले. मग एका कोपऱ्यातून हाजी मिझहिरचा भोंगा वाजला, "आमची इंजिनिअरबाई!" आणि मागून अख्खं स्टेडियम. बाईंनी मान वर केली नाही. गोलासमोर पोचल्यावर वाकून हाताने गवत ओढून बघितलं. हललं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये आमचा संघ एका गोलने पुढे. साठाव्या मिनिटाला ओमानचा एक गडी एकटाच घुसला. सरमद मागून धावला आणि त्या तुकड्यावरून घसरत जाऊन चेंडू काढला. मी डोळे मिटले होते. उघडले तर सरमद उभा राहत होता आणि खाली गवतावर नुसती एक ओली रेघ. त्याने आमच्याकडे बघून दोन्ही तळवे छातीवर ठेवले.

मी आनंदाने उड्या मारतोय तोवर दहा मिनिटांत ओमानने गोल केला. लांबून आलेला, जमिनीलगतचा फटका. आमचं जुनं मैदान असतं तर चेंडू दोनदा उसळून बाहेर गेला असता. इथे तो आमच्याच नव्या गवतावरून दोरी ताणल्यासारखा सरळ कोपऱ्यात गेला.

मी डोक्याला हात लावला. शेजारी टाळ्या वाजत होत्या. बघतो तर बाई.

"बाई! ओमानचा गोल आहे!"

"मला दिसतंय. चेंडू बघितलास? एवढासुद्धा हलला नाही!" त्यांचे डोळे चमकत होते. "असं मैदान असतं, अबू रुकय्या. ते कुणाची बाजू घेत नाही."

एक-एक अशी बरोबरी झाली. घरी माझे तिन्ही ओमानी माझ्या गळ्यात पडले आणि गवताला दुवा द्यायला लागले. नजात म्हणाली, "झालं, पाजलंत ना त्याला गोड पाणी? आता भोगा."

त्या मैदानावर पुढे आणखी सहा सामने झाले. एकाही संघाची तक्रार आली नाही. कुवेतच्या मैदानाचा मुख्य माळी मुद्दाम भेटायला आला आणि बाईंसमोर वही उघडून बसला. गालिबसाहेबांनी त्या वहीसोबत आपलाही फोटो काढून घेतला, आणि स्पर्धा संपल्यावर बाईंना खोलीत बोलावलं. मी दाराशी होतो. मला वाटलं, आता बाईंना हाकलतात.

"विदादबाई, वरून विचारणा आलीय. शहरातल्या सगळ्या मैदानांची जबाबदारी घ्याल का?"

"किती आहेत?"

"चौदा."

"शाळेचं ते धुळीचं धरून?"

साहेबांनी कागद पाहिला. "ते यादीत नाही."

"मग पंधरा लिहा," बाई म्हणाल्या, आणि पेन त्यांच्या हातात देऊन लिहीपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.