पाणवेडीची पानं

टेलरमास्तरांना जगात एकच गोष्ट खपत नसे, ती म्हणजे भोक. सदऱ्याला दिसो नाहीतर मच्छरदाणीला, त्यांचे हात शिवशिवायला लागत. उभा जन्म रफू करण्यात गेलेला माणूस तो, त्याला दुसरं काय सुचणार!

बायको गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली, तेव्हा निघता निघता म्हणाली, "माझ्या पाणवेडीकडे तेवढं लक्ष ठेवा."

पाणवेडी म्हणजे दलदलीत उगवणारं गुलाबी फुलांचं रानरोप. गावाबाहेरची पाणथळ बुजवायला घेतली, तेव्हा तिने ते मुळासकट उचलून घरामागच्या चिखलात आणून लावलं होतं. मास्तरांच्या लेखी ते तणच. पण बायकोचं तण, म्हणून रोज सकाळी चहाआधी ते पाहून येत.

एके दिवशी बघतात तर पानांची चाळण झालेली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या मजेत चरतायत. मास्तरांचं डोकंच फिरलं. दोरे उपटायचा चिमटा आणून त्यांनी एकूण एक अळी बटणांच्या रिकाम्या बरणीत भरली. जीव घ्यायचं मनात येईना, म्हणून सोबत कोबीचं पान टाकलं. मग संध्याकाळी ऐटीत फोन लावला.

"तुझ्या रोपाला आता कुणी तोंड लावणार नाही. सगळ्या अळ्या पकडल्या मी."



"अहो, त्यांच्यासाठीच तर लावलंय ते," ती म्हणाली. "त्या दुसरं काही खात नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फुलपाखराने अंडी घातली होती हो. तुम्हाला सांगायचंच राहिलं."

मास्तरांनी धावत जाऊन बरणी उचलली. आतला कोबी जशाचा तसा होता आणि अळ्या मलूल पडल्या होत्या. इस्त्रीच्या विजारीतच ते चिखलात उतरले आणि चिमट्याने एकेक अळी परत पाणवेडीवर ठेवू लागले. फोन खिशात, स्पीकरवर.

"अलगद हं. ओढू नका."

"अगं, रेशमाला चिमटा लावलाय मी आयुष्यभर."

"खातायत का?"

"थांब की जरा. आत्ताच तर जेवायला बसवलंय."

बऱ्याच वेळाने एकीने पानाची कड कुरतडली. "खाल्लं गं एकीने," मास्तर कुजबुजले, आणि त्यांचेच डोळे भरून आले.

पुढचे दिवस मोठे जड गेले. रोज नवी भोकं, आणि काही करायचं नाही. मास्तर दोन्ही हात खिशात कोंबून पाहत उभे राहत. पक्षी फिरकला तर तेवढा हाकलत.

शेवटी ती घरी आली आणि वॉकर टेकत थेट मागच्या दारी गेली. पाणवेडीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, एक पान धड नव्हतं. मास्तर ओशाळून बाजूला उभे होते. तिने त्या काड्या पाहिल्या, शेजारच्या गवताला लटकलेले हिरवे कोष पाहिले आणि मास्तरांचा हात धरला.

"किती छान सांभाळलंत हो," ती म्हणाली.