मांजराने नापास केलेले पान

मी एक जुना अर्धा किलो आहे. म्हणजे किराणा दुकानातल्या तराजूचे लोखंडी वजन. मित्रांनो, माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथून दुकानात आलो, आणि संशय म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी कळले. गिऱ्हाईक दुकानदाराच्या हाताकडे बघे, दुकानदार गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे बघे आणि दोघेही मिळून माझ्याकडे बघत. "खाली काही चिकटवलं नाही ना?" असे म्हणून लोक मला उलटे करून माझे बूड तपासत. दरवर्षी एक साहेब येई, स्वतःच्या पितळी वजनाशी मला ताडून बघे आणि मगच शिक्का मारी. मी एकदाही कमी भरलो नाही. दुकानदार मोठ्या अभिमानाने म्हणे, "हा माझा अर्धा किलो, सोन्यासारखा!" तरी उलटे करणे काही थांबले नाही. तुम्हाला रोज उलटे करून कुणी तपासले, तर तुमचाही स्वभाव माझ्यासारखाच होईल.

पुढे विजेवर चालणारा काटा आला. आकडे आपोआप उमटू लागले आणि आमची रवानगी पोत्यांच्या मागे झाली. दोन किलोला निदान दाराला टेकू म्हणून नोकरी मिळाली, मला तीही नाही. काही वर्षे मी धूळ खात पडलो. मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारले, "कागद उडू नयेत म्हणून ठेवायला काही जड आहे का हो?" दुकानदाराने मला सदऱ्याला पुसून त्याच्या हातात ठेवले. हे गिऱ्हाईक लेखक होते.

लेखकाच्या घरात तीन जण होते. लेखक, त्याची थोरली बहीण ताई आणि मास्तर नावाचा राखाडी बोका. लिहायच्या खोलीत खिडकीशी एक टेबल होते. त्यापाशी एक गादीची खुर्ची होती आणि एक लाकडी स्टूल. खुर्चीवर मास्तर बसे आणि स्टुलावर लेखक. पाठ दुखते म्हणून लेखक रोज कण्हे, पण मास्तरला उठवायची त्याची छाती होत नसे.

त्या घरात लिहिण्याची एक रीत होती. पान लिहून झाले की लेखक ते मास्तरला मोठ्याने वाचून दाखवी. मास्तर शेवटपर्यंत बसून राहिला तर पान पास, ते माझ्या पोटाखाली येई. तो मध्येच उठून गेला तर पान नापास. मग त्याचे चार तुकडे होऊन ते टोपलीत जाई. याचे कारण असे, की लेखकाचे पहिले पुस्तक मास्तरने पिल्लू असताना मांडीवर बसून सगळेच्या सगळे ऐकले होते आणि ते लोकांनी डोक्यावर घेतले. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी त्याला खोलीबाहेर ठेवले, तर ते कुणी हातातसुद्धा धरले नाही. तेव्हापासून मास्तरचा शब्द शेवटचा.

लेखकाचा त्याच्यावर फार जीव होता, हे मी कबूल करतो. मास्तर एकदा आजारी पडला, तेव्हा लेखकाने आठ दिवस पेन उघडले नाही. पण मला मात्र हा बोका पहिल्यापासून खटकत होता. इतके साळसूद तोंड मी दुकानात फक्त उंदराचे पाहिले होते.

माझा संशय वाढला तो लेखक स्वतःच्या लहानपणावर लिहीत होता त्या पुस्तकावरून. त्यातले एकच पान सारखे नापास होत होते. छपराच्या कौलांचे लांबलचक वर्णन मास्तरने निमूटपणे ऐकले. डासांवरची तीन पाने ऐकली. पण शाळेचे पान आले, की तो ताडकन उठून चालू लागे. लेखकाने ते सात वेळा लिहिले आणि सातही वेळा टोपलीत टाकले.

त्या पानात काय होते, ते मला पाठ झाले होते. वडील अंथरुणाला खिळले आणि दोघांपैकी एकालाच शिकवणे घराला झेपणार होते. ताई तेव्हा नववीत होती आणि वर्गात पहिली होती. पुढचे वाक्य असे होते, 'ताईने हसत हसत शाळा सोडली आणि माझे दप्तर भरून दिले.'

सातव्या वेळी मी नीट कान दिला. 'हसत हसत' म्हणताच पलीकडे स्वयंपाकघरात टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि मास्तर उठला. तो आवाज सुक्या मासळीच्या डब्याच्या झाकणाचा होता! म्हणजे पाणी मुरत होते ते स्वयंपाकघरात. माझा सगळा संशय बोक्यावरून उठून ताईवर बसला. आपले शिक्षण अर्धवट राहिले हे जगाला कळू नये, म्हणून ही बाई भावाचे पुस्तक अडवते आहे, असे मी पक्के ठरवून टाकले. भाऊ मात्र बिचारा दिवसेंदिवस खचत चालला होता. पुढची सगळी पाने एकामागून एक पास होऊन माझ्याखाली आली आणि या एका पानापायी पुस्तक अडून बसले.

मग एक गोष्ट घडली. लेखकाचे कोपर लागून मी टेबलावरून खाली पडलो. केवढा तरी आवाज झाला! लेखक दचकला, ताई धावत आली. मास्तर खुर्चीवर झोपला होता, त्याचा कानसुद्धा हलला नाही.

"बघ, काय धीराचा आहे!" लेखक कौतुकाने म्हणाला.

"म्हातारा झालाय तो. झोपू दे," ताई म्हणाली.

मला मात्र ते तेव्हाच कळले. मास्तर ठार बहिरा झाला होता. गेले कित्येक दिवस एकही पान नापास झाले नव्हते, त्याचे कारणही हेच. पण लोखंडाला कोण विचारतो?

चार दिवसांनी दुपारी लेखकाने शाळेचे पान आठव्यांदा लिहिले आणि मास्तरसमोर धरले. "मास्तर, हे शेवटचं. आज उठलास, तर हे पुस्तक मी कायमचं बांधून ठेवतो."

तो वाचू लागला. 'हसत हसत' आले आणि पलीकडे टक्‌ झाले. मास्तर जागा होता, पण हलला नाही. पुन्हा टक्‌ झाले. मग डबा खुळखुळला. तरी मास्तर लेखकाच्या तोंडाकडे शांतपणे बघत बसला. लेखकाने शेवटचा शब्द वाचला आणि त्याला मिठीच मारली. "पास! अरे पास केलंस बाबा!"

दारात ताई उभी होती. तिच्या हातात उघडा डबा होता.

"ताई? हे काय?"

ताई पुढे आली. तिने मास्तरच्या पाठीमागे जोरात टाळी वाजवली. तो ढिम्म. मग तिने मासळीचा तुकडा त्याच्या नाकाशी धरला, तेव्हा कुठे तो खायला लागला.

"ऐकू येत नाही रे याला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझ्या लक्षातच नाही आलं."

"पण तू डबा का वाजवत होतीस? म्हणजे... सातही वेळा तूच?"

"सातही वेळा मीच."

"का पण? मी किती मनापासून लिहिलंय तुझ्यावर!"

"खोटं लिहिलंयस म्हणून." ताईने डबा टेबलावर, माझ्या शेजारी आपटला. "हसत नाही सोडली मी शाळा. तीन दिवस जेवले नव्हते. पुस्तकं परत करायला गेले, तेव्हा वर्गाबाहेर उभी राहून रडले. तू सहा वर्षांचा, तुला काय दिसणार?"

लेखक हळूच म्हणाला, "मग मला सांगायचं नाहीस?"

"तू मांजराला विचारत होतास," ताई म्हणाली. "मला कधी विचारलंस?"

लेखकाने मान खाली घातली. त्याने पान फाडले नाही, एक कोरा कागद घेतला. स्टुलावर ताईला बसवले आणि स्वतः जमिनीवर बसला, कारण खुर्चीवर मास्तर होता. "सांग," तो म्हणाला. ताई संध्याकाळपर्यंत सांगत होती. ते पान कुणालाही वाचून न दाखवता त्याने माझ्याखाली ठेवले.

मित्रांनो, मी बोक्यावर संशय घेतला, ताईवर घेतला. ज्याच्या हातात पेन होते, त्याच्यावर मात्र घेतला नाही, आणि चूक त्याचीच होती. तुमच्या घरी म्हातारे मांजर असेल, तर त्याला मागून एकदम उचलू नका, समोर या, म्हणजे ते घाबरणार नाही. त्याला खुशाल मांडीवर घेऊन लिहा, वाचूनही दाखवा. पण जिच्याबद्दल लिहाल, तिला आधी विचारा. ती बहुतेक पलीकडच्याच खोलीत असते.