पाकिटावरची बारीक अक्षरं

"पोरीला सोडे देऊ नको गो इतक्यात. तिच्या बापाला लहानपणी कोलंबीनं अंगभर गांधी उठायच्या," वाल सोलता सोलता कृष्णाबाई सुनेला म्हणाल्या होत्या. प्रतिक्षाने मान डोलावली आणि सोडून दिलं. सासूबाई आतल्या गावच्या, भात-वालाच्या शेतातल्या, आपण बी.एस्सी., केमिस्ट्री. संध्याकाळी तिने दीड वर्षाच्या सरूला सोड्याच्या, म्हणजे सुक्या कोलंबीच्या, भाताचे दोन घास भरवले. तिसऱ्याच्या आतच पोरीचे ओठ सुजले, छातीत घरघर सुरू झाली. वरसे गावातून रोह्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता तिच्या नवऱ्याने, साईराजने, मोटारसायकलवर कसा कापला, हे दोघांनाही आठवत नाही.

सरू वाचली. कृष्णाबाईंनी सोड्यांचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर तीन वर्षं या घराने बाहेरचा घास खाल्ला नाही. लग्नाला डबा, बारशाला डबा. मग एक दिवस सरूने विचारलं, "आई, हॉटेलात लोकं काय करतात?"

"जेवतात."

"मग आपण का नाय?"

साईराज धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, "एलियाहकडं जाऊ. त्याच्याकडं कोलंबी शिजतच नाय."

एलियाहचं सुशीचं हॉटेल नदीपलीकडे अष्टमी गावात होतं. चार टेबलं, एक लांब लाकडी फळी, मागे स्वयंपाकघर. धाटावच्या एका कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये अकरा वर्षं तो जपानी इंजिनिअरांना रांधून घालायचा. ते परत गेले आणि त्यांची विद्या याच्या हातात राहिली. आंबूस भातावर जिताडा माशाचा तुकडा, सोबत सोलकढी. शुक्रवारी संध्याकाळी हॉटेल बंद व्हायचं ते शनिवारी दिवे लागल्यावरच उघडायचं, कारण एलियाह आणि त्याची आई दीनाआजी यांचं घर अष्टमीत उरलेल्या मोजक्या यहुदी घरांपैकी एक, आणि शनिवार त्यांचा विसाव्याचा वार. बाकीचे कधीच इस्रायलला गेले.

रविवारी दुपारी तिघं पोचले तेव्हा कंपनीतले, सुट्टीवरचे दोघं फळीशी बसून एलियाहला छळत होते.

"एलियाहभाऊ, भात थंडच वाढतोस. गॅस संपला काय?"

"गरम पायजे तर घरी जाऊन बायकोला सांग. इथं येऊन तेच तर चुकवतोस."

प्रतिक्षाला हसू आलं, पण बसवेना. तिने सरळ विचारलं, "भाऊ, कोलंबी, खेकडा, काहीच नाही ना? पोरीच्या जिवावर बेततं."

"वहिनी, आमच्यात खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. कोलंबी माझ्या आजीच्या चुलीवरसुद्धा चढली नाय. सामान घरात येतं तेच मुळी आईच्या नजरेखालून."

सगळेच असं सांगतात, असं तिच्या मनात आलं. "मी आत बघितलं तर चालेल?"

साईराज कानकोंडा झाला. एलियाहने मात्र पडदा बाजूला केला.

आत ब्याऐंशी वर्षांच्या दीनाआजी स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात बोय मासे. प्रत्येक माशाच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवून त्या तो बाजूला ठेवत होत्या. "ये गो. खवले बघत्ये," त्या म्हणाल्या. प्रतिक्षाने चिरायच्या लाकडी पाट्या बघितल्या, सुऱ्या बघितल्या, तेलाचा डबा हुंगला. सगळं लख्ख. मग फळीवरचं एक रंगीत पाकीट तिने उचललं. भातावर भुरभुरायचा मसाला. वर तिळाचं चित्र. बाकी सगळी जपानी अक्षरं.

"जुन्या साहेबांनी धाडलंय," एलियाह दारातून कौतुकाने म्हणाला. "कालच आलं. आईनं मागचं इंग्रजी वाचून पास केलंय. अजून कुणाला वाढलं नाय, सकाळी तिनंच चव बघितली."

प्रतिक्षाने पाकीट फिरवलं. मागे तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी ओळ होती. तिने ती दोनदा वाचली.

"भाऊ, यात वाळवलेली कोलंबी आहे."

बाहेर सरू टेबलावर चमचा वाजवत होती. प्रतिक्षाने आजींकडे पाहिलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आजी पाकिटाकडे बघतच नव्हत्या. आवाज आला तिकडे बघत होत्या.

"आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला दिसतं ना?"

आजींनी हात पुसले. "एलिया, आत ये. पडदा ओढ." मग म्हणाल्या, "दिवाळीपासून सगळं धुकट हाय. वाचलं म्हनून सांगितलं, वाचलं नाय."

"मग माशाचे खवले रोज कसे बघतेस?" एलियाहने विचारलं.

"अंगठ्याला मोतीबिंदू होत नाय."

एलियाह ओट्याला टेकला. "मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तू फोन लावला असतास बहिणीला, नाओमीला. ती म्हनली असती, हॉटेल बंद करा, दोघं इस्रायलला, अश्दोदला या. मला नाय जायचं रे तिकडं." त्यांनी तोंडात पाणी घेऊन मोरीत चूळ भरली. आणखी एकदा भरली. "सकाळी गोड लागलं होतं मेलं," त्या म्हणाल्या आणि पदराने ओठ घासून पुसले.

साईराज पडद्याआडून म्हणाला, "चल, निघू आपण."

निघणंच शहाणपणाचं होतं. प्रतिक्षा पर्स उचलून दारापर्यंत आलीही. पण मग तिला वाटलं, मीही एकदा ऐकल्यासारखी मान डोलावली होती आणि ऐकलं मात्र नव्हतं. ही बाई निदान कबूल तरी करत्येय. ती परत फिरली.

"नवी पाटी आहे? न वापरलेली? आणि सुरी?"

दीनाआजींनी वरच्या फडताळाकडे बोट केलं. एलियाहने ते पाकीट पिशवीत घालून बाहेर नेलं, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. सुशी गुंडाळायला समुद्रातल्या शेवाळाचा कागद असतो, त्याच्याही पाकिटावरची अक्षरं प्रतिक्षाने वाचली, 'कोलंबीचा अंश असू शकतो' असं दिसलं आणि तो बाजूला ठेवला. म्हणून एलियाहने नव्या तव्यावर अंड्याची कागदासारखी पातळ पोळी काढली. आजी म्हणाल्या, "आता तूच वळ. तुझ्या पोरीचं हाय." प्रतिक्षाने पोळीवर भात पसरला, वाफवलेला जिताडा आणि काकडी ठेवून गुंडाळलं. पहिली गुंडाळी फाटली. दुसरी जमली.

सरूने एक तुकडा तोंडात टाकला. प्रतिक्षा तिच्या ओठांकडे आणि घड्याळाकडे बघत राहिली. औषध पर्समध्ये, पर्सची चेन उघडी. पाच मिनिटं. वीस मिनिटं. ओठ ओठांसारखेच.

"आई, तू का नाय जेवत? हॉटेलात जेवतात ना?"

मग ती जेवली. भात खरंच थंड होता आणि छान होता.

त्या दिवसापासून दर रविवारी आधी पाकिटं वाचायची, मग जेवायचं, असं ठरून गेलं. एलियाहने रोह्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आजींचं नावही घातलं. पण सध्या प्रतिक्षा पेणला माहेरी आहे, दुसऱ्या बाळंतपणाला. फोन केला की आजी म्हणतात, "झालं गो ऑपरेशन, मस्त दिसतंय." एलियाहला विचारलं की तो घुटमळतो. दोघांत कुणीतरी लपवतंय. साईराज जाऊन येतो, पण आजी म्हणतील ते ऐकून परततो.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. रोह्याकडे जाणं झालं तर पूल ओलांडून अष्टमीत जा. शनिवारी दुपारी नको, बंद असतं. एक ताट मागवा आणि आत डोकावून दीनाआजींना बघून या. त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका, जवळ बसा, डोळ्यांत बघा, आणि खरं काय ते प्रतिक्षाला कळवा.